वादळानंतर वीज परत येते तेव्हा

वादळ चालू असताना घरातली उपकरणं फारशी जळत नाहीत. वाऱ्याने जोर धरला की उपकेंद्रातून फीडर (गावांकडे वीज नेणाऱ्या लाइनी) बंद केले जातात, नाहीतर पहिली फांदी तारांवर कोसळली की ते आपोआप बंद पडतात. फ्रीज, टीव्ही, विहिरीवरचा पंप यांचा घात होतो तो नंतर, ‘लाइट आली’ असा वाडीत गलका होतो त्या पहिल्या तासाभरात. म्हणून मधल्या काळोख्या दिवसांत काय करून ठेवायचं आणि वीज आल्यावर कोणत्या क्रमाने काय चालू करायचं, हे इथे लिहितो आहे. डोळ्यांसमोर कोकणातलं घर आहे: कौलारू किंवा पत्र्याचं, मागे विहीर, अंगणात चार झाडं, आणि रस्त्यावरच्या पोलवरून आलेली सर्व्हिस वायर.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, दापोली, मंडणगड या पट्ट्यातल्या कित्येक गावांत त्यानंतर आठवड्यांमागून आठवडे वीज नव्हती. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला लागून गुजरातकडे गेलं आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीने तेच भोगलं. आठवडे का लागतात हे कळलं की निम्मी चिडचिड कमी होते. वीज वरून खाली येते. आधी अतिउच्चदाबाची वाहिनी, मग ३३ केव्हीची (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट), मग उपकेंद्र, तिथून ११ केव्हीचे फीडर, मग तुमच्या वाडीची डीपी (ट्रान्सफॉर्मर), मग लघुदाबाच्या तारा आणि सगळ्यात शेवटी तुमच्या घराची सर्व्हिस वायर. वरचा एक टप्पा अडला तर खालचं सगळं धड असूनही उपयोग नाही. त्यात आपल्याकडच्या वाहिन्या डोंगरातून, रायवळ आंब्यांच्या नि काजूच्या रानातून जातात. गाडी पोहोचत नाही तिथे पोल खांद्यावरून न्यावा लागतो, आणि कातळात खड्डा पहारीने पाडावा लागतो.

शेजारच्या आळीत दिवे आणि आपल्याकडे अंधार, यावरून भांडणं होतात. बहुतेक वेळा कारण साधं असतं. त्यांची डीपी वेगळी असते, किंवा डीपी एकच पण तुमच्या फेजचा (पोलवरच्या तीन जिवंत तारांपैकी तुमच्या घराला जोडलेल्या तारेचा) फ्यूज उडालेला असतो किंवा पोलवरचा जंप (दोन तारा जोडणारा तुकडा) तुटलेला असतो. तक्रार १९१२ वर करता येते. बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक कागदावर लिहून ठेवावा, कारण नेमका तो फोनमध्ये असतो आणि फोन बंद असतो. त्याहून उपयोगी पडतं ते वाडीतल्या एकाच माणसाने पाहणी करून वायरमनला सांगणं: डीपीपासून कितवा पोल पडला, किती गाळ्यांच्या (दोन पोलांमधल्या) तारा खाली आहेत, कुठे झाड अडकलं आहे, कोणाच्या घराची फक्त सर्व्हिस वायर तुटली आहे. चाळीस जणांनी चाळीस फोन करण्यापेक्षा ही एक यादी त्याचा अर्धा दिवस वाचवते.

खाली पडलेल्या तारेबद्दल एकच नियम: ती जिवंत आहे असं धरून चालायचं. वीज पूर्ण गावात नसली तरी. तासाभराने कोणी वरच्या फीडरमध्ये वीज सोडून बघेल, किंवा कुठल्यातरी घरातला जनरेटर उलटा लाइनवर वीज फेकत असेल. तारेपासून निदान तीस फूट लांब राहायचं, आणि जवळ गेल्याचं उशिरा लक्षात आलं तर पाय न उचलता, एकमेकांना लागून घासत मागे यायचं. तार जमिनीला टेकते तिथून विजेचा दाब (व्होल्टेज) गोलाकार उतरत जातो. दोन पावलांत अंतर जितकं जास्त तितका दोन पायांमधला फरक जास्त. गुराच्या पुढच्या आणि मागच्या पायांत माणसाच्या पावलापेक्षा खूप जास्त अंतर असतं, म्हणून माणूस वाचतो त्या जागी बैल मरतो. वाडीत वादळानंतर दोन-तीन दिवस गुरं मोकळी सोडू नयेत, ती यासाठी. कुंपणाची काटेरी तारही तपासून घ्यावी. सर्व्हिस वायर तिच्यावर पडली असेल तर शंभर फुटांवरचं फाटकही शॉक देईल.

घरात पहिलं काम म्हणजे मेन स्विच खाली. मग सगळे एमसीबी (एकेका सर्किटचे छोटे स्विच) खाली, आणि फ्रीज, टीव्ही, वॉशिंग मशीन, राउटर, पंपाचा स्टार्टर यांच्या पिना काढून ठेवायच्या. नुसता बोर्डावरचा स्विच बंद करणं पुरेसं नाही. जुन्या वायरिंगमध्ये कितीतरी स्विच न्यूट्रलवर, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेवर, बसवलेले असतात. बटण बंद, तरी उपकरणाला फेज पोहोचलेलीच. शेतीपंपाच्या पॅनेलमध्ये ऑटो स्विच (वीज आली की पंप आपोआप सुरू करणारा) असेल तर तो आठवणीने बंद करावा. वादळानंतर अनेकदा तीनपैकी दोनच फेज आधी येतात, ऑटो स्विच बिचारा त्याचं काम करतो, आणि मोटर दोन फेजवर गुरगुरत जळून जाते.

आता पाणी. विजेवाचून माणूस महिना काढतो, पाण्यावाचून दुसऱ्या दिवशी हाल सुरू होतात. निसर्गनंतर विहिरी भरलेल्या होत्या आणि पाणी काढायची सोय नव्हती, कारण पंप आल्यावर रहाट मोडून सरपणात गेले होते. प्रत्येक विहिरीवर एक लोखंडी कप्पी, बारा मिलिमीटरचा नायलॉनचा दोर आणि एक पोहरा कायम असावा असं माझं ठाम मत आहे. दहा मिलिमीटरचाही दोर वजन पेलतो, पण हाताला कापतो.

विहिरीत पाला, फांद्या, कधी मेलेला उंदीर किंवा पक्षी, आणि वरून वाहून आलेलं गढूळ पाणी गेलेलं असतं. आधी जाळीने वरचं सगळं काढायचं. पाला कुजला की पाण्याला वास येतो आणि टाकलेलं क्लोरीनही तोच खाऊन टाकतो, त्यामुळे हे काम आधीच करावं लागतं. मग विहिरीत पाणी किती ते मोजायचं. फुटांत सोपं पडतं: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली गुणिले २२, आलं ते उत्तर लिटरमध्ये. दहा फूट व्यासाच्या विहिरीत आठ फूट पाणी असेल तर १० × १० × ८ × २२, म्हणजे साधारण १७,६०० लिटर.

ब्लीचिंग पावडर, म्हणजे ग्रामपंचायतीतलं टीसीएल, चांगल्या प्रतीचं असेल तर त्यात ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं, आणि नेहमीचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम. वरच्या विहिरीला ४४ ग्रॅम झाले. वादळानंतरच्या गढूळ पाण्याला मी दुपटीने, म्हणजे नव्वद ग्रॅमच्या आसपास सुरुवात करायला सांगेन. पण खरा निर्णय चाचणीचा. टीसीएल टाकल्यावर तासाभराने ओटी चाचणीत (पाण्यातलं क्लोरीन रंगावरून दाखवणाऱ्या) पाणी पिवळं व्हायला हवं, लिटरला ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहिलं पाहिजे. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ती बाटली असते. रंग आलाच नाही तर पुन्हा डोस. पोत्याचं तोंड महिनोन्‌महिने उघडं राहिलेलं टीसीएल नुसता चुना असतो. हुंगल्यावर नाकात झणका बसला नाही तर ते टाकून काही साधणार नाही.

पावडर थेट विहिरीत फेकतात, ते चूक. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी थोड्या पाण्यात तिची गुठळ्या नसलेली पेस्ट करायची, मग पाऊण बादली होईपर्यंत पाणी घालून ढवळायची आणि दहा मिनिटं तशीच ठेवायची. एका बादलीला शंभर ग्रॅमपेक्षा जास्त पावडर नको. चुना तळाला बसतो. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यायचं. तळाचा चुना विहिरीत जाऊ द्यायचा नाही, त्याने पाणी जड होतं. निवळीची बादली दोराने पाण्याखाली सोडून वर-खाली, डावी-उजवीकडे हलवायची, म्हणजे औषध तळापर्यंत पोहोचतं. हे रात्री निजायच्या आधी केलं की सकाळपर्यंत पाणी तयार. निदान एक तास तरी कोणी पाणी काढू नये. प्यायचं पाणी तरीही काही दिवस उकळूनच घ्यावं, चांगली उकळी फुटल्यावर मिनिटभर. गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळायचं, फडक्याने गाळायचं, मग उकळायचं. गढूळ पाण्यात क्लोरीनच्या गोळ्या टाकून समाधान मानू नये.

भाड्याचा जनरेटर वाडीत फिरवून टाक्या भरणं हा चांगला उपाय आहे. एक एचपीचा पंप चालताना हजार वॉटच्या आसपास घेतो, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे दीड केव्हीएच्या जनरेटरने तो उचलत नाही. अडीच-तीन केव्हीएचा लागतो. आधी पंप चालू करायचा, मग बाकीचे दिवे नि मोबाइल चार्जर. उलट केलं तर पंप उचलताना दाब खाली बसतो आणि चार्जर जातात. एवढ्या जनरेटरला तासाला साधारण लिटरभर पेट्रोल लागतं. हजार लिटरची टाकी अर्ध्या तासाच्या आत भरते. म्हणजे घरटी अर्धा लिटर पेट्रोल, हा हिशेब आधीच ठरवला की वाद होत नाहीत.

जनरेटरने माणसं मरतात ती दोन कारणांनी. एक, धूर. पडवीत, माजघराच्या खिडकीखाली, गोठ्यात तो ठेवायचा नाही. घरापासून वीस फूट, आणि धुराचं तोंड घराकडे नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेला माणूस झोपेतच जातो. दुसरं, दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर. एक पिन जनरेटरला, दुसरी भिंतीतल्या सॉकेटला, की सगळ्या घरात दिवे. हुशारी वाटते. पण मेन खाली केलेलं नसेल तर तीच वीज सर्व्हिस वायरने पोलवर जाते, डीपीत उलटी शिरते आणि २३० व्होल्टची ११ हजार होऊन वरच्या तारेवर चढते. तिथे बंद लाइन समजून वायरमन हात घालतो. चेंजओव्हर स्विच (घर एका वेळी लाइनला किंवा जनरेटरला, एकालाच जोडणारा) बसवलेला असेल तरच घराला जनरेटर जोडावा, नाहीतर उपकरण थेट जनरेटरलाच लावावं, एक्स्टेंशन बोर्डाने.

इन्व्हर्टरबाबत लोकांचा अंदाज हमखास चुकतो. १२ व्होल्ट १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास, हातात पडतात फार तर बाराशे. एक जुना पंखा आणि तीन एलईडी दिवे मिळून शंभर वॉट धरले तर बारा तासांत संपली. पहिल्या रात्री पंखे लावून झोपलेलं घर दुसऱ्या रात्री मेणबत्ती शोधतं. मोठं वादळ झालं आणि पोल आडवे दिसले की त्याच क्षणी इन्व्हर्टर मागच्या बटणाने पूर्ण बंद करावा. तो नुसता चालू राहिला तरी स्वतःसाठीच दहा-वीस वॉट खातो, म्हणजे काहीही न लावता तीन-चार दिवसांत बॅटरी रिकामी. संध्याकाळी दोन-तीन तास, नऊ वॉटचे तीन दिवे, एवढंच चालवलं तर तीच बॅटरी आठवडाभर सहज पुरते. मल्टिमीटरवर बॅटरी ११.८ व्होल्टच्या खाली आली की थांबायचं. शिशाची बॅटरी रिकामी होऊन आठ-पंधरा दिवस पडली तर तिच्या प्लेटांवर सल्फेट बसतं, आणि मग वीज आल्यावर ती चार्ज झाल्यासारखं दाखवते पण पंधरा मिनिटांत मान टाकते.

मोबाइलची बॅटरी पंधरा-वीस वॉट-तासांची. गाडीच्या बारा व्होल्टच्या चार्जरवर ती भरते, इंजिन अधूनमधून चालू ठेवलं की झालं. फोन खातो तो मुख्यतः रेंज शोधण्यात. टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत बसतात आणि डिझेल घेऊन जाणारा रस्त्यात अडकलेला असतो, तेव्हा फोन फ्लाइट मोडवर टाकून ठरलेल्या वेळी उघडावा. मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकांना एकाच घराने सगळ्या वाडीचा निरोप द्यावा. एसएमएस कमी रेंजमध्येही जातो.

आता मुख्य गोष्ट, वीज आल्यावरची. आपल्या घरात येणारी वीज २३० व्होल्टची, पण पोलवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा जातात आणि कोणत्याही दोन फेजमध्ये चारशेच्या वर दाब असतो. न्यूट्रल कुठेतरी तुटली किंवा घाईत जोडताना सैल राहिली, तर घरांना मिळणारा दाब सरळ राहत नाही. ज्या फेजवर भार जास्त तिथे तो पडतो, जिथे भार कमी तिथे तो चढतो. चारशेच्या जवळपासही जाऊ शकतो. तुमच्याकडे ट्यूब लुकलुकते आहे आणि शेजारी दिवा डोळे दिपवतो आहे, असं एकाच वेळी दिसलं तर न्यूट्रल गेली असं समजून दोघांनीही लगेच मेन पाडायचं आणि बाकीच्यांना ओरडून सांगायचं. रात्री अंधारात, टॉर्चच्या उजेडात जोडलेल्या लाइनवर न्यूट्रलच्या जागी फेज लागण्याचाही प्रकार होतो.

हे ओळखायला एलईडी दिवा कुचकामी. बऱ्याच एलईडींच्या आतलं सर्किट शंभर ते तीनशे व्होल्टपर्यंत उजेड तसाच ठेवतं. दाब चढल्याचं तो सांगतच नाही, आणि सांगतो तेव्हा फट्‌ करून. त्यासाठी घरात एक जुना तारेचा साठ किंवा शंभर वॉटचा बल्ब होल्डरसकट ठेवावा. दाब कमी तर तो लालसर, जास्त तर पांढराफट्ट. त्याहून बरा मल्टिमीटर, काहीशे रुपयांत मिळतो. काळी वायर ‘COM’ लिहिलेल्या भोकात, लाल वायर व्होल्टच्या भोकात, चकती एसी ७५० वर. लाल वायर चुकून दहा अँपिअरच्या भोकात राहिली आणि तशीच सॉकेटमध्ये घातली तर तो थेट शॉर्ट आहे, मीटर हातात फुटतो. टोकांच्या धातूला बोट लावायचं नाही.

वीज आल्याचं कळलं की मेन वर करायचं आणि फक्त एका दिव्याचा एमसीबी. बाकी सगळं खाली, पिना बाहेर. फेज आणि न्यूट्रलमध्ये २१० ते २५० व्होल्ट दिसले पाहिजेत. मग फेज आणि अर्थ (जमिनीला जोडलेली तार): जवळपास तेवढेच. मग न्यूट्रल आणि अर्थ: दोन-चार व्होल्ट. तिथे वीस-तीस दिसले तर न्यूट्रल सैल आहे किंवा अर्थिंग गेलं आहे. पुढे जाऊ नये. फेज-अर्थमध्ये काहीच आलं नाही तर अर्थची तार तुटली. अंगणातलं झाड मुळासकट उपटून पडलं असेल तर अर्थिंगची पट्टी त्यातच निघालेली असते, आणि हे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण अर्थिंगवाचून दिवे मजेत लागतात.

आकडे नीट असले तरी पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. पहिल्या तासात सगळं गाव एकदम पंप, फ्रीज, इन्व्हर्टर लावतं, त्या भाराने डीपीचे फ्यूज जातात, पुन्हा येतात, पुन्हा जातात. ही ये-जा उपकरणांना मारते. दाब स्थिर झाला की आधी दिवे-पंखे, मग इन्व्हर्टर, मग फ्रीज, आणि सर्वांत शेवटी पंप. फ्रीज बंद पडून लगेच आला तर पाच मिनिटं तरी थांबून लावायचा, नाहीतर कॉम्प्रेसर दाबाखाली सुरू व्हायची धडपड करून तापतो. इन्व्हर्टर लावल्यावर बॅटरीतलं पाणी प्लेटांच्या वर आहे ना ते पाहावं. प्लेटा उघड्या असतील तर त्या बुडतील इतकंच डिस्टिल्ड पाणी आत्ता घालायचं, खुणेपर्यंतचं चार्ज झाल्यावर, नाहीतर आम्ल उतू येतं. खोलीची खिडकी उघडी ठेवायची. चार्ज होताना हायड्रोजन निघतो.

आरसीसीबी म्हणजे तीस मिलिअँपिअरच्या गळतीवर पडणारा स्विच बसवलेला असेल तर तो हमखास पडणार. भिंती ओलावलेल्या, बोर्डात पाणी, खाऱ्या वाऱ्याने संपर्कांवर पांढरी-हिरवी पूड. त्याला बायपास करून लाइन थेट घेणारे महाभाग प्रत्येक वाडीत असतात; ओल्या घरात तोच एक राखणदार आहे हे त्यांना कोणीतरी सांगावं. दोष शोधायची रीत अशी: सगळे एमसीबी खाली, सगळ्या पिना बाहेर, आरसीसीबी वर. राहिला तर एकेक एमसीबी वर करत जायचं. ज्याने पडेल त्या सर्किटमध्ये दोष. सगळे एमसीबी खाली असूनही पडत असेल तर गोंधळू नये. साधा एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलीच राहते. कुठल्यातरी बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ पाण्यामुळे एकमेकांना लागल्या असतील तरी आरसीसीबी पडतो, आणि मग न्यूट्रलच्या पट्टीवरून एकेक तार सोडून बघायला वायरमनच लागतो. माझा पहिला संशय नेहमी बाहेरच्या दिव्यावर, मग विहिरीकडे जाणाऱ्या वायरवर, मग गिझरवर. ओला बोर्ड मेन बंद करून उघडावा, कोरड्या फडक्याने आणि जुन्या टूथब्रशने पुसावा आणि दोन-तीन दिवस उघडा वाळू द्यावा. पावसाळी हवेत एका दिवसात वाळत नाही.

जुन्या घरांत अजून चिनीमातीचे किटकॅट फ्यूज आहेत. फ्यूज वारंवार जातो म्हणून त्यात वायरचे चार-पाच तांब्याचे केस पिळून घालतात. पाच अँपिअरच्या फ्यूजला ०.२ मिलिमीटरची कल्हई केलेली तांब्याची तार लागते, पंधराला ०.५ ची. त्याहून जाड घातली की फ्यूजच्या आधी भिंतीतली वायर जळते.

पंप पुरात किंवा पावसात बुडाला असेल तर नुसता वरून वाळवून चालत नाही. खोलून गोड्या पाण्याने चिखल आणि क्षार धुवायचे, दोन-तीन दिवस उन्हात किंवा बल्बच्या उबेत ठेवायचा, बेअरिंगला नवं ग्रीस भरायचं आणि वाइंडरकडे मेगर (वाइंडिंगचं इन्सुलेशन मोजणारा मीटर) लावून बघायचं. एक मेगाओहमपेक्षा कमी दिसलं तर पुन्हा वाळवणं. कपॅसिटर फुगला असेल तर जुन्यावर लिहिलेल्या एमएफडीचाच (क्षमतेचाच) घ्यावा. ‘जास्तीचा घाल, जोर येईल’ असं सांगणाऱ्याचं ऐकू नये, वाइंडिंग तापतं. पंप नुसता गुणगुणला आणि फिरला नाही तर दहा सेकंदांच्या आत बंद. दाब १८० च्या खाली असेल तर दिवसभर लावूच नये. फिरतो पण पाणी येत नाही, याचं कारण नव्वद टक्के फूट व्हॉल्व्हमध्ये (पाइपाच्या विहिरीतल्या टोकाच्या झडपेत) अडकलेलं पान. व्हॉल्व्ह गळतो, पाइपातलं पाणी उतरतं, प्रायमिंग टिकत नाही.

फ्रीजचं दार बंद ठेवलं तर तो चार तास थंडी धरतो, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवसांपर्यंत. आठवड्यांच्या अंधारात त्याचा विचारच सोडावा: पहिल्याच दिवशी रिकामा करून सोड्याच्या पाण्याने पुसावा आणि दाराला कापडाची गुंडाळी लावून उघडा ठेवावा. बंद ठेवलेल्या रिकाम्या फ्रीजला चार दिवसांत बुरशी धरते आणि रबरातला तो वास वर्षभर जात नाही. सुकी मासळी, कडधान्यं, कोकम, लोणचं यांवर कोकणातली घरं तशीही पावसाळा काढत आली आहेत.

छपराबद्दल थोडक्यात. मंगलोरी कौलं शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे लागतात, हा आकडा मनात ठेवून मागणी द्यावी, कारण वादळानंतर कौलं नि पत्रे मिळेनासे होतात. तोवर ताडपत्री टाकायची ती मोभाच्या पलीकडे निदान तीन फूट जाईल अशी, आणि कडा रिपेला गुंडाळून वाशाला बांधायची. दगड ठेवून ती टिकत नाही. दगड घरंगळतो आणि खालची कौलं घेऊन जातो. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये, फळी आडवी टाकून तिच्यावरून चालावं. आणि छपरावर चढण्याआधी सर्व्हिस वायर पत्र्याला टेकलेली नाही ना, हे खालून नीट बघावं.

पडलेलं झाड कापताना खोड वाकून ताणलेलं असतं, त्याच्या दबलेल्या बाजूने आधी थोडं कापायचं, मग ताणलेल्या बाजूने. उलट केलं तर खोड फाटून उसळतं. मुळांच्या गड्ड्यासकट कललेलं झाड बुंध्याजवळ कापलं की गड्डा एकदम मागे खड्ड्यात बसतो. मुलं नेमकी त्याच खड्ड्यात खेळत असतात. नारळ-सुपारीचा शेंडाच मोडला असेल तर त्या झाडाची आशा सोडावी, त्यांना दुसरा कोंब नाही. कललेली लहान कलमं मात्र मुळं सुकायच्या आत, फांद्या एक तृतीयांश छाटून, आधार देऊन उभी करता येतात.

हे सगळं साफ करण्याआधी फोटो. घर लांबून, मग प्रत्येक नुकसान जवळून, झाडं मोजता येतील अशी. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक पंचनाम्याला येईपर्यंत पाऊस थांबणार नाही, म्हणून छप्पर झाकायला थांबू नये; फोटो असले की झालं. बागेचं नुकसान असेल तर सातबारा आणि त्यावरची झाडांची नोंद हाताशी ठेवावी. नोंदच नसलेल्या झाडांवरून पुढे बरीच घासाघीस होते.

मीटरचाही एक फोटो काढावा, वीज गेल्याच्या आणि आल्याच्या दिवशी, रीडिंग वाचता येईल असा. सील तुटलं किंवा काच फुटली असेल तर हात न लावता तक्रार करावी. वादळाच्या महिन्यात रीडिंग घ्यायला कोणी पोहोचत नाही आणि सरासरीचं बिल येतं. महावितरणच्या ॲपवरून स्वतः रीडिंग पाठवता येतं, आणि बिल आलंच तर ते दुरुस्त करून घ्यायला हे दोन फोटो पुरतात.